खिचडीतील वीस ग्रॅम डाळ

खिचडी हा शब्द महाराष्ट्रात दोन सुरांत उच्चारला जातो. तापातून उठलेल्या पोराला, दात गेलेल्या आजीला, दिवसभर राबून आलेल्या आणि चार भांडी घासायचे त्राण न उरलेल्या बाईला खिचडी म्हणजे मायेचे जेवण. तोच शब्द जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेबाबत निघाला की लोकांची तोंडे वाकडी होतात. 'तिथे शिकवतात कुठे, खिचडी शिजवतात,' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ज्यांची मुले त्या शाळेच्या पायरीवरही कधी चढली नाहीत, तेच ते बहुधा बोलतात. आपल्या वस्त्यांतील मुले मात्र त्याच खिचडीवर दुपार काढतात. म्हणून तिची टिंगल ऐकून घेण्याआधी तिच्यात आहे तरी काय, याची एकदा नीट उलटतपासणी झाली पाहिजे.

या प्रकरणात मुख्य साक्षीदार दोनच. तांदूळ आणि डाळ. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळातून साधारण ३५० कॅलरी ऊर्जा मिळते आणि ७ ते ८ ग्रॅम प्रथिने. शंभर ग्रॅम मूग, मसूर किंवा तुरीच्या डाळीतून ऊर्जा जवळजवळ तेवढीच मिळते, पण प्रथिने मिळतात २२ ते २४ ग्रॅम. म्हणजे पोट भरण्याच्या कामात दोघे बरोबरीचे, मात्र अंग धरण्याच्या कामात डाळ तांदळाच्या तिप्पट. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा वाद याच एका फरकावर उभा आहे.

प्रथिन म्हणजे काही एकाच मापाची वस्तू नव्हे. ते अमिनो आम्लांच्या वेगवेगळ्या विटांचे बांधकाम आहे. या विटांचे वीस प्रकार. त्यांतील नऊ आपल्या शरीराला स्वतः घडवता येत नाहीत, त्या अन्नातूनच याव्या लागतात. तांदळात लायसिन नावाची वीट कमी असते. डाळीत ती भरपूर. उलट डाळीत मेथिओनिन कमी, तांदळात ते बरे. गवंडीकाम केलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एका जातीच्या विटा संपल्या की बाकीच्या हजार विटा पडून राहतात आणि भिंत तिथेच थांबते. नुसता भात खाणाऱ्या मुलाच्या शरीरात तेच घडते. तांदूळ आणि डाळ एका पातेल्यात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत सिद्ध करण्याच्या कितीतरी शतके आधी चुलीपुढे बसणाऱ्या बायांनी ते पातेल्यात करून ठेवले होते. त्याचे श्रेय त्यांना कोणत्याही पुस्तकात मिळालेले नाही, हा भाग वेगळा.

पण ही जोडी जमते ती प्रमाणात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही आपल्या देशातील आहारशास्त्राची सर्वोच्च संस्था. १९१८ साली ती तामिळ मुलखातील कुन्नूर येथे लहानशा चौकशी कक्षाच्या रूपात सुरू झाली आणि नंतर हैदराबादला आली. या संस्थेने २०२० च्या शिफारशींत प्रथिनांचा दर्जा राखण्यासाठी धान्य, डाळ आणि दूध यांचे प्रमाण ३ : १ : २.५ असावे असे सांगितले आहे. दूध बाजूला ठेवू, ते आपल्यापैकी किती घरांत चहापलीकडे पोहोचते हे सर्वांना ठाऊक आहे. निदान तीन भाग धान्याला एक भाग डाळ, एवढे तरी हवे. माझी आई दोन मुठी तांदळाला एक मूठ मसूर घेत असे. महिनाअखेर आली की मूठ सैल व्हायची, पण ती तांदळाची नव्हे, डाळीची. पातेले तेवढेच दिसायचे. पाणी वाढायचे, हळद वाढायची, खाणाऱ्याला कळायचेही नाही.

आजारपणात खिचडीच का, याचेही कारण आहे. भरपूर पाण्यात बराच वेळ शिजल्यामुळे तांदळातील पिष्ट फुगून मऊ होते आणि पोटाला त्यावर फार कष्ट घ्यावे लागत नाहीत. साल काढलेल्या मुगाच्या डाळीने इतर कडधान्यांच्या मानाने वायूही कमी धरतो. पाणी, मीठ, ऊर्जा आणि प्रथिने एकाच वाडग्यात मिळतात. तापाने मोडलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवे? उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र नावापुरती खिचडी. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते. त्या ताटलीत जे काही प्रथिन असते ते बिचाऱ्या शेंगदाण्याचे. नावावर जाऊ नये, पातेल्यात डोकावून पाहावे.

आता उणे बाजू. खिचडीत लोह थोडे असते, आणि जे असते तेही पूर्ण अंगी लागत नाही, कारण धान्य-डाळीतील फायटेट नावाचा घटक ते अडवून धरतो. डाळ भिजत घातली, कडधान्याला मोड आणले, वरून लिंबू पिळले तर लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच कोरा चहा घेतला तर कमी. जीवनसत्त्व 'अ' जवळपास नाही, कॅल्शियम अगदी थोडे, 'क' जे काही भाजीतून येते ते शिजताना बरेचसे उडून जाते. 'बी-१२' तर वनस्पतींत नसतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी निघाली. शाळेच्या पायरीवर येणारे मूल हे या आकड्यांतून वाट काढत आलेले असते. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह हवे, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. एका वाडग्यातील खिचडी त्याचा लहानसा वाटाच देऊ शकते. म्हणून खिचडी चांगली असली तरी ती एकटी पुरी पडत नाही. तिच्याबरोबर पालेभाजी हवी, शेवगा हवा, अंडे हवे.

खिचडीचा इतिहास सांगणारे लोक तिला राजवाड्यात नेऊन बसवतात. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याची चाल नोंदवली आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल आणि जुन्नरमार्गे बहमनी मुलखात फिरला. साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी इथे घोड्यांनाही चारतात, असे त्याने लिहून ठेवले. सुलतानाच्या घोड्याला तेल-साखर घातलेली खिचडी मिळत होती. त्या घोड्याच्या मागे धावणाऱ्या मोतद्दाराला काय मिळत होते, ते लिहायला कुणाला सवड झाली नाही. आणि अलीकडचे सांगायचे तर नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत सरकारी अन्नमेळाव्यात ९१८ किलो खिचडी एका कढईत शिजवून विश्वविक्रम करण्यात आला. छायाचित्रे छान आली होती.

आपल्या मुलांच्या ताटात खिचडी आली ती या दरबारी वाटेने नव्हे. ती न्यायालयातून आली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली खरी. पण बहुतेक राज्यांत तिचा अर्थ होता हजेरी भरली तर महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ. तो घरी जायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका क्रमांक १९६ दाखल केली. सरकारी गोदामे धान्याने तुडुंब भरलेली आणि माणसे उपाशी, हा प्रश्न त्या याचिकेने विचारला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले अन्न द्या, ते किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे असले पाहिजे, वर्षातून किमान २०० दिवस दिले पाहिजे. जगण्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ असा वाडग्यात उतरला. न्यायाधीशांनी प्रथिनांचे ग्रॅम मोजून आदेशात लिहावेत, ही गोष्ट साधी नाही.

पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे घटनेचा अनुच्छेद ४७ सांगतो. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यावर थेट कोर्टात दावा लावता येत नाही. ही तत्त्वे म्हणजे नुसती सदिच्छा, अशी टीका घटना समितीत झाली होती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले ते असे की, सत्तेवर जो येईल त्याला या सूचनांचा मान राखावाच लागेल. न्यायालयात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीत मतदारापुढे द्यावा लागेल. २००१ मध्ये हा जाब न्यायालयातही विचारला गेला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो लेखी हक्क झाला. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला सुट्टीखेरीज रोज एक वेळचे मोफत जेवण मिळाले पाहिजे. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने. २०२१ मध्ये योजनेचे नाव 'पीएम पोषण' झाले. मोजमाप तेच राहिले.

आता हिशेब मांडू. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी योजनेने ठरवलेला शिधा असा : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. तांदळाचे ३५० कॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रथिने. डाळीचे ७० कॅलरी आणि साडेचार ग्रॅम. तेलाचे ४५ कॅलरी. भाजीचे १५-२० कॅलरी आणि एखादा ग्रॅम प्रथिन. बेरीज सुमारे ४८० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिने. कायद्याची रेषा ४५० आणि १२. म्हणजे सगळे मोजून-मापून पडले तर आपले मूल ती रेषा कशीबशी ओलांडते. मोठ्या मुलांचा शिधा दीडपट. त्यांची बेरीज ऊर्जेत ७०० च्या वर जाते, पण प्रथिनांत २० च्या आसपासच अडखळते.

आता या पातेल्यातील निम्मी डाळ काढून घ्या. वीस ग्रॅमच्या जागी दहा. कॅलरी किती घटल्या? फक्त ३५. ताट पूर्वीइतकेच भरलेले दिसते, मुलाचे पोट भरते, ते ढेकर देते आणि खेळायला जाते. पण प्रथिने आली पावणे अकरा ग्रॅमवर, आणि जी उरली त्यांतही लायसिनची वीट अपुरी. खिचडीतील डाळ चोरली तर भूक ओरडत नाही, आणि म्हणूनच ही चोरी सोपी असते. तांदूळ चोरला तर मूल उपाशी राहील, रडेल, आई शाळेत येईल. डाळ चोरली तर काही वर्षांनी मूल नुसते किरकोळ अंगाचे दिसेल आणि लोक म्हणतील, यांची हाडेच तशी.

वीस ग्रॅम पूर्ण पडले तरी शाळेतील प्रमाण पाचास एक आहे. पोषण संस्था तीनास एक म्हणते. म्हणजे योजनेनेच डाळीच्या बाबतीत हात आखडता घेतलेला आहे. कारण उघड आहे. तांदूळ केंद्राच्या गोदामातून फुकट येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांना रोकड लागते. या सगळ्यासाठी प्रति मूल प्रति दिवस १ मे २०२५ पासून लहान मुलांकरिता ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्यांकरिता १० रुपये १७ पैसे दर ठरवला गेला. सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांत चहाच्या टपरीवर काय मिळते, ते वाचकांनी स्वतः पाहावे.

आणि हा प्रश्न शाळेच्या भिंतीआड संपत नाही. घरच्या खिचडीचेही तेच झाले आहे. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील माणसी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दिले. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. या धान्याला तीनास एक या प्रमाणात डाळ जोडायची तर माणसी दिवसाला ५५ ग्रॅम, महिन्याला दीड किलोहून जास्त, पाच जणांच्या घराला आठ किलोच्या वर लागते. रेशन कार्डावर हक्काची डाळ किती? शून्य. कायद्याने तांदूळ-गहू हक्क म्हणून दिले आणि डाळ बाजाराच्या हवाली केली. करोनाच्या काळात, एप्रिल ते नोव्हेंबर २०२०, केंद्राने कुटुंबामागे महिना एक किलो डाळ किंवा हरभरा दिला, मग तो बंद केला. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांच्या 'आनंदाच्या शिध्या'त एक किलो चणाडाळ होती. सणाला डाळ देता येते म्हणजे देण्याची यंत्रणा आहे. कमतरता हक्काची आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा ज्यांच्या घरी वरण पातळ झाले ते आपलेच लोक होते. 'गरिबांना फुकट धान्य मिळते' असे जो कुणी सुनावतो, त्याला विचारावे, फुकट भातावर तुमचे मूल किती दिवस ठेवाल?

यावर सरकारचे एक उत्तर असते : तांदळातच लोह घातले आहे. १५ ऑगस्ट २०२१ च्या घोषणेनंतर शाळेच्या आणि रेशनच्या तांदळात पोषकद्रव्ये मिसळलेले दाणे येऊ लागले. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ कालवून दाण्याच्या आकारात काढायचे आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळायचे, अशी ती पद्धत. हे दाणे पाण्यात तरंगतात, रंगाने जरा वेगळे दिसतात, म्हणून अनेक गावांत 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी हाकाटी झाली आणि बायांनी ते निवडून फेकले. तो प्लास्टिकचा नव्हता. पण लोकांना न सांगता-समजावता त्यांच्या ताटात काहीही मिसळले की संशय येणारच. त्यासाठी अडाणीपणाचा शिक्का मारण्याचे कारण नाही. मानकाप्रमाणे अशा किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे शंभर ग्रॅमला जास्तीत जास्त सव्वाचार मिलिग्रॅम. त्याचा उपयोग असेल तेवढा असो. लोह घातल्याने तांदळाची डाळ होत नाही.

डाळ कमी, तर अंडे द्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिने, म्हणजे वीस ग्रॅम डाळीपेक्षा जास्त, आणि नऊच्या नऊ आवश्यक विटा योग्य प्रमाणात. वर जीवनसत्त्व 'अ' आणि 'बी-१२', जे खिचडीत सापडत नाहीत. पाणी घालून अंडे वाढवता येत नाही, अर्धे काढून घेता येत नाही. मुलाच्या हातात एक तर ते असते किंवा नसते. तामिळनाडूत शाळेतील मुलांना आठवड्यातून पाच दिवस अंडे मिळते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. न खाणाऱ्याला केळे किंवा फळ. मुले त्या दिवसाची वाट पाहू लागली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि अंडा पुलाव ऐच्छिक करून लोकसहभागातून करावा असे सुचवले. लोकसहभाग! ज्या वस्तीतील पालक मुलाच्या वहीसाठी उसनवारी करतो, त्याने शाळेतील अंड्यांची वर्गणी काढायची. अंडे सक्तीचे कधीच नव्हते. ज्याला नको त्याला फळ होते. मग ज्याला हवे होते त्याचे का काढले?

पातेल्याशेजारी उभ्या असलेल्या बाईबद्दलही सांगितले पाहिजे. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. हा आदेश आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. न्यायालयाला पंगतीतील जात ठाऊक होती. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले, तिला कामावरून दूर केले गेले; त्यावर दलित मुलांनी नव्या बाईच्या हातचे खाण्यास नकार दिला. पुढे आरडाओरड झाल्यावर तिला परत घेण्यात आले. डाळ-तांदूळ तेच, पाणी तेच, प्रथिनांचे ग्रॅमही तेच. फक्त ढवळणारा हात कुणाचा, एवढ्यावर मुले उपाशी उठली. असे प्रकरण आपल्या भागात घडले तर ते मुख्याध्यापकाच्या दालनात मिटवायचे नसते. अनुच्छेद १७ आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. या बायांचे मानधनही पाहा : केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये, तेही वर्षातील दहा महिने, असे ठरवले. राज्ये आपापली भर घालतात. धुरात उभे राहून शेकडो मुलांना जेवू घालण्याची ही किंमत आहे.

वाचकहो, आता कामाचे. आपल्या वस्तीतील शाळेत पहिली ते पाचवीची शंभर मुले हजर असतील तर त्या दिवशी पातेल्यात १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल पडले पाहिजे. सहावी ते आठवीच्या शंभर मुलांसाठी १५ किलो, ३ किलो, साडेसात किलो आणि पाऊण किलो. हे चार आकडे पाठ करा. शिजल्यावर वजन करून उपयोग नाही, कारण पाणी सगळ्यांना पोटात घेते. शिजण्याआधी काट्यावर पाहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, हे शिक्षण हक्क कायदा सांगतो. आहारावर देखरेख हे समितीचे काम आहे. त्या समितीत आपल्या आया-बहिणी सहीपुरत्या बसतात की काटा मागतात, एवढाच प्रश्न आहे. सकाळी साडेदहाला शाळेत जाऊन 'आजची डाळ मोजून दाखवा' असे म्हणायला वकील लागत नाही.

३० सप्टेंबर २०१५ रोजी निघालेल्या मध्यान्ह भोजन नियमांप्रमाणे, कोणत्याही कारणाने शाळेत जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळाली पाहिजे. सलग तीन दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस जेवण चुकले तर जबाबदारी कुणाची हे राज्य सरकारने निश्चित केले पाहिजे. शिजलेल्या अन्नाचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून त्यात ठरलेली ऊर्जा आणि प्रथिने आहेत की नाहीत हे पाहण्याची तरतूदही याच नियमांत आहे. तक्रार प्रथम जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे, आणि ती लेखीच द्यावी. पोच घेतल्याशिवाय हलू नये. 'खिचडी पातळ होती' असे लिहू नका. अमुक तारखेला हजेरी इतकी, डाळ इतकी हवी होती, प्रत्यक्षात इतकी टाकली, असे लिहा. पहिल्या वाक्यावर अधिकारी हसतो. दुसऱ्यावर त्याला उत्तर द्यावे लागते.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना तीन गोष्टी मागा : मागील तीन महिन्यांची दैनंदिन हजेरी, त्याच दिवसांची डाळ व तेल वापराची नोंदवही, आणि पुरवठादाराकडून आलेल्या मालाच्या पावत्या. हजेरीला वीस ग्रॅमने गुणायचे आणि नोंदवहीशी ताडून पाहायचे. चौथी-पाचवीच्या मुलालाही हे गणित येते. २००५ च्या कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे कागदांच्या प्रतीच नव्हे, तर वस्तूचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, कोठीतील डाळीचाही. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लागते. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाही, फक्त कार्डाची झेरॉक्स जोडावी.